बॅनरवरच्या चौकोनातलं संशोधन

मुलुंड पूर्वेच्या सुगंधा सोसायटीत भीमराज वाहुळे यांच्याइतका तंत्रज्ञानात पुढे गेलेला पेन्शनर दुसरा नाही, हे खुद्द भीमराज वाहुळे यांचं मत होतं. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप ते चालवत, वीजबिल फोनवरून भरत, आणि कुणाच्या टीव्हीला वायफाय लागेना की चपला अडकवून मदतीला निघत. त्यानंतर टीव्ही कधीकधी कायमचा बंद पडे, पण ते जाऊ द्या.

तर मुलगी शीतल डॉक्टर झाली, म्हणजे पीएचडीवाली डॉक्टर, तेव्हा त्यांनी सेक्रेटरी दत्ताराम परबांना सांगूनच टाकलं, "रविवारी संध्याकाळी गच्चीवर सत्कार. आणि गेटवर असा बॅनर लावतो की अख्ख्या मुलुंडात कुणी लावला नसेल."

अडचण एकच होती. बॅनरवर विषय काय लिहायचा?

शीतलने सहा वर्षं ठाणे खाडीच्या चिखलात गुडघाभर उभं राहून किड्यांचा अभ्यास केला होता. गांडुळाच्या चुलत घराण्यातले, बोटभरही लांब नसलेले किडे. ती घरी आली की तिची आई सोनूबाई तिला दारातच थांबवून पायांवर पाणी ओतायची. भीमराजांना लेकीचा अभिमान फार, पण किड्यांचा उल्लेख आला की त्यांची जीभ अडखळायची. लग्नकार्यात कुणी विचारलंच, तर ते म्हणत, "सायन्समध्ये आहे. समुद्राचं." त्यापुढे ते जात नसत. खरं सांगायचं तर त्यापुढचं त्यांना माहीतही नव्हतं.

"बाबा, बॅनरवर विषय लिहा ना," शीतल म्हणाली.

"अगं, जागा कुठाय? त्यापेक्षा क्यूआर कोड टाकतो. फोन धरला की तुझं संशोधनच उघडणार. कसं वाटतं?"

"विषय लिहायची तुम्हाला लाज वाटते, असं वाटतं," ती म्हणाली आणि बॅग उचलून कॉलेजला गेली.

हे वाक्य भीमराजांना दिवसभर टोचत राहिलं. बॅनर मात्र त्यांनी बदलला नाही.

शीतलने आपला प्रबंध इंटरनेटवरच्या एका खुल्या भांडारात ठेवला होता. जगभरातले अभ्यासक आपापलं काम तिथे आणून ठेवतात आणि कुणीही यावं, फुकट वाचावं, असा तिथला रिवाज. भीमराजांनी ते भांडार उघडलं, तर सगळ्यात वर शीतलचंच नाव. त्यांनी त्या पानाचा पत्ता उचलला, त्याचा कोड बनवला, एकदा तपासला आणि बॅनरवाल्याकडे धाडला. ते पान 'नुकतेच जमा झालेले' या यादीचं होतं, आणि शीतलनंतर जगातले बाकीचे अभ्यासक काही हात बांधून बसणार नव्हते, एवढी बारीकशी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

शनिवारी सकाळी गेटवर बॅनर चढला. शीतलचा फोटो, 'डॉ. शीतल वाहुळे यांचे हार्दिक अभिनंदन', आणि खाली ताटाएवढा काळा-पांढरा चौकोन.

दूध घेऊन येताना तिसऱ्या मजल्यावरची प्रियंका त्यांना लिफ्टपाशी भेटली. तिने त्यांचा रस्ताच अडवला.

"काका, शीतलला थँक्यू सांगा. फोनवर मराठीत करून वाचलं मी. घोरणाऱ्या नवऱ्याशेजारी झोपणाऱ्या बायकांच्या झोपेचा पण कुणी अभ्यास करतं, मला माहीतच नव्हतं हो. मला वाटायचं, हे माझं एकटीचंच आहे."

भीमराज गोंधळले. पण मुलीचं संशोधन बापाला ठाऊक नाही, हे कसं कबूल करणार? "हो, म्हणजे, झोप हा एक भाग आहे त्यात," ते म्हणाले.

दुपारी दत्ताराम स्वतः घरी आले. एरवी कडक माणूस, पण आज गावची बोली तोंडात आली होती. "वाहुळे, तुमच्या चेडवान, शीतलन, कमाल केल्यान. कबुतरांची विष्ठा आणि इमारतीचा दगड! गेली किती वर्षं मी कमिटीत ओरडतोय, भिंती खातायत म्हणून. उद्या तिचं मार्गदर्शन ठेवतो. विषय कबुतरं."

"कबुतरं आहेतच त्यात," भीमराज म्हणाले. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी निवृत्त मास्तर नंदकिशोर डोळे पुसत आले. अंगाईगीतांमधल्या मामाविषयी शीतलने काय सुंदर लिहिलंय, म्हणाले, माझी आई गायची ते गाणंच त्यात सापडलं. त्यांच्यामागून एक जण हत्तीच्या पावलांमुळे जमिनीत काय बदल होतात याबद्दल बोलून गेला. लेखकाच्या नावाकडे कुणीच बघत नव्हतं. बॅनरवर हातभर अक्षरात शीतलचं नाव असताना खालची बारीक अक्षरं वाचतो कोण?

रविवारी दुपारी भीमराज गुपचूप गेटवर गेले आणि त्यांनी चौकोनावर फोन धरला. समोर आलं: हिमनदीच्या पोटात अडकलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे. ते तसेच घरी आले.

"सोनू, शीतल कधी बर्फात गेली होती का गं?"

"बर्फात? ती माथेरानला पण नाही गेली. चिखल सोडून कुठे सोडलं तिला कुणी?"

मग भीमराजांनी खाटेवर बसून चष्मा लावला आणि ते पान नीट वाचलं. सगळा घोटाळा लख्ख कळला. वाट लागली होती. आधी शीतलचं नाव शोधायचं, मग गेटवर चिठ्ठी चिकटवायची, असं ठरवून ते बोटाने पान वर सरकवू लागले.

आणि ते तिथेच अडकले.

बहिरी मुलं स्वप्नात बोलतात ती हातांनी की ओठांनी, असं कुणीतरी एकेका मुलाला सकाळी उठवून विचारलं होतं. वाळवंटात पहाटेचं धुकं पाठीवर झेलून पाणी पिणाऱ्या एका भुंगेऱ्यामागे एक बाई वाळूत पालथी पडून राहिली होती. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे का बघत नाहीत, मेलेल्या भाषेत 'उद्या'ला काय म्हणत, कांदा कापताना सुरीचा आवाज कसा बदलतो, सगळ्यावर कुणी ना कुणी वर्षं घालवली होती. पान संपलं की नवीन पान. त्याच्याखाली आणखी. भीमराजांना वाटायचं, संशोधन म्हणजे रॉकेट किंवा कॅन्सर. इथे तर जगातली कुठलीच वस्तू एवढी क्षुल्लक नव्हती की तिच्यासाठी कुणी मांडी घालून बसलं नाही. त्यांच्या अंगावर काटा आला. एवढी माणसं, एवढ्या लांबलांबच्या गावांत, एवढं मन लावून बघतायत आणि बघितलेलं कुणाही अनोळख्यासाठी उघडं ठेवून देतायत. केवढं हे जग, आणि केवढी ही माणसं!

खूप खाली, धुक्याच्या भुंगेऱ्यानंतर बऱ्याच वेळाने, शीतल आली. त्यांनी पहिल्यांदाच तिचा प्रबंध उघडला. तो किडा चिखलात बीळ करतो, त्या बिळातून हवा खाली जाते, आणि म्हणून तो चिखल सडत नाही, जिवंत राहतो. घाणेरड्या पाण्यातही तो आपलं काम सोडत नाही. भीमराज वाचत राहिले. फोन मराठी मोडकंतोडकं करत होता, पण कळत होतं.

"अहो, उठा," सोनूबाई म्हणाली. "पाहुणे गच्चीवर पोचले. तुम्ही शर्ट तरी बदला."

चिठ्ठी राहूनच गेली होती.

गच्ची भरली होती. शीतलच्या शेजारी तिच्या मार्गदर्शक मृणालिनी मॅडम बसल्या होत्या. दत्तारामांनी माइक घेतला. "आपल्या शीतलने कबुतरं, घोरणं, अंगाई, हत्ती आणि काल रात्रीपासून हिमनदी, एवढ्या विषयांत संशोधन केलेलं आहे. तेही एवढ्या लहान वयात." टाळ्यांचा कडकडाट झाला. मृणालिनी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शीतलने कुणाकडेही न बघता फक्त वडिलांकडे बघितलं.

ती नजर भीमराजांना सोसवेना. ते उठले आणि त्यांनी दत्तारामांच्या हातातून माइक घेतला.

"यातलं काहीच शीतलचं नाही," ते म्हणाले. "कोड मी चुकवला. आणि विषय लिहिला नाही, कारण मला लाज वाटत होती. माझी मुलगी खाडीच्या चिखलातल्या किड्यांवर डॉक्टर झालीय. ते किडे नसते तर खाडी केव्हाच मेली असती. हे मला आज दुपारी कळलं. तिला सहा वर्षांपासून माहीत आहे. तिने तीन नवीन जाती शोधल्यात, ज्या जगात कुणालाच ठाऊक नव्हत्या."

"बाबा," शीतल हळूच म्हणाली, "एक."

"एकच?"

"एकच. तीन जागी सापडली."

"एक," भीमराज माइकवर म्हणाले. "पण जगात पहिली."

शीतल हसली, आणि मग रडली, आणि सोनूबाईने तिला जवळ घेतलं. भीमराजांनी माइक दत्तारामांच्या हातात परत दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फक्त दत्ताराम जरा खट्टू होते. "ते झकासच आहे," ते म्हणाले, "पण मग कबुतरांचं कोण बघणार?"

सोमवारी सकाळी भीमराजांनी जुना बॅनर उतरवला आणि दुपारपर्यंत नवा चढवला. आता कोड नव्हता, काही लपवाछपवी नव्हती. फोटोच्या खाली लांबूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'डॉ. शीतल वाहुळे. किडे. अधिक माहितीसाठी संपर्क', आणि स्वतःचा मोबाइल नंबर.

तासाभरात बॅनर वाचून पहिला फोन आला. एका बाईंनी विचारलं, "किड्यांचे डॉक्टर ना?"

"हो, माझी मुलगी," भीमराज छाती फुगवून म्हणाले, आणि त्यांनी बीळ, हवा, चिखल, खाडी, सगळं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छान," त्या म्हणाल्या. "मग आमच्याकडे झुरळांसाठी कधी येताय?"