आरसे मिटवायला गेली मामी

"अगं, गाडी आहे ती, शिलाई मशीन नव्हे! कुठंही बोट घालायला!"

"अहो, माझ्या मशीनला तुम्ही कधी तेल घातलंत? मग गाडीतही नाक खुपसू नका."

मामा गाडीबाहेर उभा राहून ओरडत होता. मामी आत बसली होती, मांडीवर लॅपटॉप, त्याची वायर स्टिअरिंगखालच्या भोकात. अख्खा बोळ त्यांना मामा-मामीच म्हणतो. मामी पडदे शिवते आणि गाडीनं पोचवते. गाडीच्या पोटात शिरायचं ते सॉफ्टवेअर ती व्हिडिओ बघून बघून शिकली. इंग्रजी अडलं की डिक्शनरी, डोकं अडलं की चहा. पण सोडलं नाही पठ्ठीनं!

कारण साधंच होतं. बोळ अरुंद, येणारा-जाणारा स्कूटरवाला आरसा ठोकून जायचा. गाडी लॉक केली की आरसे आपोआप मिटावेत, एवढंच तिला हवं होतं. आरशात मोटर होतीच, फक्त स्वस्तातल्या मॉडेलला ती सोय बंद ठेवलेली.

"म्हणजे खिसा शिवलाय, वरून तोंड टाचून ठेवलंय," मामी म्हणाली. आता असं दुसऱ्या कुणाला सुचलं असतं का?

तिनं आधी जुन्या सेटिंग्ज जपून ठेवल्या. मग नेटवर कुणीतरी तश्शाच गाडीच्या सेटिंग्जची तयार फाइल टाकली होती, ती घातली. जिनं जन्मात उसन्या मापानं पडदा कापला नाही, तिनं नेमकं इथं उसनं माप घेतलं. झालं!

आरसे मिटले. काय ऐटीत मिटले! पण मामीनं आपली काच खाली करायला बटण दाबलं, तर पलीकडची काच गेली खाली. डावा आरसा हलवायला गेली, तर उजवा हलला. "बघू, बघू" करत मामा शेजारच्या सीटवर येऊन बसला, आणि गाडी टूं टूं करत त्याच्यावरच खेकसली. मामीनंही पट्टा लावला नव्हता, पण तिला गाडी चकार शब्द बोलली नाही.

"घातलास ना घोळ! चारला हॉटेलात पडदे द्यायचेत! ते काही नाही, आजपासून किल्ली माझ्या खिशात. गाडी मी चालवणार, तू शेजारी बसायचं."

किल्ली गेली की मामीचा धंदा मामाच्या मर्जीवर. आणि मामाची मर्जी त्याच्या दुपारच्या झोपेनंतर उठते. दुसरी कुणी असती तर लॅपटॉप त्याच्या टाळक्यात घातला असता. मामी नुसती म्हणाली, "पट्टा लावा."

मामानं लावला. टूं टूं बंद.

"काढा."

टूं टूं!

"आता दार उघडा."

टण् टण्!

"कवायत घेतेस का माझी?"

मामी खुदकन हसली. "अहो, मोडलं काहीच नाही, सगळं उलटं झालंय. फाइलवाल्याच्या देशात स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला असणार. ही गाडी ओरडते ती फक्त ड्रायव्हरवर, आणि तिला वाटतंय, तुम्ही ड्रायव्हरच्या जागेवर बसलाय. थांबा, जुन्या सेटिंग्ज परत घालते. एक बटण दाबायचंय."

मामा ताठ बसला. "म्हणजे गाडीच्या मते ड्रायव्हर मी?"

"हो."

"तू शेजारी असूनसुद्धा?"

"असूनसुद्धा."

मामानं मिशीवरून हात फिरवला. "मग राहू दे. मशीन कधी खोटं बोलत नाही."

मामीनं हळूच बोट मागं घेतलं. "आणि किल्ली?"

"ठेव तुझ्याकडं. किल्लीनं का कुणी ड्रायव्हर होतो?"

मामीनं गाडी काढली. एरवी मामा वाटभर "ब्रेक! अगं ब्रेक!" करून जीव खातो. आज पट्टा लावून, गुडघ्यांवर हात ठेवून गप्प. ड्रायव्हर माणूस कशाला आरडाओरडा करेल? चारच्या आत गाडी हॉटेलच्या फाटकात. मामीनं ती चालू ठेवूनच तिथं आडवी लावली आणि पडद्यांचा गठ्ठा खांद्यावर मारला.

वॉचमन दंडुका आपटत आला. "ही कुणी लावली इथं? ड्रायव्हर कोण आहे?"

"हे काय, बसलेत ना," मामी म्हणाली आणि आत गेलीसुद्धा.

"काय हो ड्रायव्हर, फाटक दिसत नाही? मागं ट्रक थांबलाय!"

मामानं उतरून पळायला घाईघाईनं पट्टा सोडला. गाडी त्याच्यावर ओरडायला लागली, वॉचमन ओरडतच होता, ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

"अहो, ते मी... म्हणजे गाडीला तसं... बरं, मला आता निघायला हवं!"