देवळ्याच्या माणसाचे कांदे

ज्ञानेशरावांनी त्या दिवशी नुसतं तोंड बंद ठेवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सोसायटीची मीटिंग होती, समोर सोळा घरांची माणसं बसली होती, आणि कांद्याचा विषय निघाल्यावर देवळ्याच्या माणसाने गप्प बसायचं म्हणजे फारच झालं.

वाद होता नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या मधुमालती सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेचा. चेअरमन शेखरभाऊंना तिथे पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं होतं, बायकांना बाग हवी होती. शेवटी तोडगा निघाला. सोळा घरांना सोळा वाफे द्यायचे आणि गुढीपाडव्याआधीच्या रविवारी सगळ्यांसमोर पीक काढायचं. निघालं तर बाग राहील, नाहीतर सोमवारी ब्लॉकचा ट्रक येईल.

“पण लावायचं काय? मेथी, कांदा, काय ते ठरवा,” तळमजल्यावरच्या विमलाबाई म्हणाल्या.

“कांदा,” ज्ञानेशराव उभे राहिले. “माझ्यावर सोडा. मी देवळ्याचा आहे, कांद्याच्या गावचा.”

(खरं तर ते सातवीपर्यंतच देवळ्याचे होते. मुलगा फार हुशार निघाला म्हणून वडिलांनी, म्हणजे मोतीरामअण्णांनी, त्यांना नाशिकला मामाकडे शिकायला पाठवलं, ही कथा सोसायटीत प्रत्येकाने किमान तीनदा ऐकली होती. पुढे ते एका कार्यालयात आवक-जावक बघू लागले. मातीशी संबंध उरला तो गॅलरीतल्या एका कुंडीपुरता, आणि तीही बायको सुवर्णा पाणी घाले म्हणून जिवंत होती.)

दिवाळीनंतरच्या रविवारी डोक्याला उपरणं बांधून त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने घरातले चांगले कांदे आणायचे आणि वीत-वीत अंतरावर अख्खे पुरायचे.

“अहो, आमच्या सिन्नरला आधी बी टाकून रोपं करतात,” सुवर्णा हळूच म्हणाली. “मग ती रोपं लावतात.”

“सिन्नरचं सिन्नरला. मी लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत या डोळ्यांनी पाहिलंय. अण्णा अख्खे कांदे लावायचे. एकाचे दहा होतात.”

पाहिलं होतं हे खोटं नव्हतं. अण्णा ते कशासाठी लावतात, एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

कांद्यांना आठवड्यात कोंब फुटले आणि सोसायटी हरखून गेली. सकाळी चहाचे कप घेऊन लोक वाफ्यांवर जमू लागले. लताबाईंच्या गॅलरीतलं धुण्याचं पाणी खाली ठिबकतं म्हणून विमलाबाई त्यांच्याशी चार वर्षं बोलत नव्हत्या, त्या दोघी आता एकाच पाइपने पाणी घालू लागल्या (आधी पाइप न बोलता हातात द्यायच्या, मग बोलून). शेखरभाऊंनी आपला वाफा केवळ ‘निषेध म्हणून’ घेतला होता. पण रोज सहाला ते टेप लावून पात मोजताना दिसायचे, आणि कुणी पाहिलं की टेप खिशात घालून पार्किंगची लांबी मोजतोय म्हणायचे.

फेब्रुवारीत कमरेएवढे दांडे उभे राहिले आणि त्यांच्या टोकांवर पांढऱ्या फुलांचे गेंद आले. मधमाश्या आल्या, फोटो निघाले. “फूल एवढं, तर कांदा केवढा असेल,” असं ज्ञानेशराव स्वतःच सांगत सुटले. सुवर्णाने तर कौतुकाने सासऱ्यांना फोन करून पीक काढायच्या रविवारी बोलावूनही टाकलं.

आदल्या शनिवारी संध्याकाळी ज्ञानेशरावांनी सहज एक दांडा उपटला. खाली कांदा नव्हता. पुरलेल्या कांद्याची चोथ्यासारखी साल तेवढी हाताला लागली. त्यांनी आणखी चार दांडे उपटले. बाग जाणार हे एक, आणि ती आपल्यामुळे, तीही अण्णांच्या देखत जाणार, हे दुसरं.

रविवारी पाच वाजता मीटिंग होती. दुपारी दोनला, सगळे जेवून लवंडले असतील असा हिशोब करून, ते गेटवरच्या भाजीवाल्या नवसाबाईंकडे गेले.

“दोन किलो कांदे द्या. जरा मातीचे असले तर बरं.”

“साहेब, तुमच्याकडं पंगत हाय का काय?” नवसाबाईंनी तराजू उचलला. “सकाळधरनं समदे कांदेच नेतात. अन् समद्यांना मातीचेच लागतात.”

गडबडीत ज्ञानेशरावांच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. पिशवी शर्टाखाली धरून ते मागच्या मैदानात गेले. तिथे विमलाबाई ओणव्या होऊन आपल्या वाफ्यात कांदे पुरत होत्या. पलीकडे लताबाई तेच करत होत्या. चौदा वाफ्यांत चौदा घरं पाठमोरी बसली होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला “पाणी बघायला आलोय” असं सांगत होता.

“ज्ञानेशराव, माझ्याच वाफ्यात खाली कांदा आला नाही हो,” विमलाबाईंचे डोळे भरून आले. “तुमचे सगळ्यांचे आले असतील. माझ्या एकटीमुळे बाग जायला नको म्हणून...”

“तुमच्या एकटीच्या कुठे, माझ्याही वाफ्यात नाहीत,” लताबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी माना वळवल्या. नेमके तेव्हाच जिन्यामागून शेखरभाऊ आले. त्यांच्या हातात खुरपं होतं आणि पिशवीतून कांदे डोकावत होते.

“पार्किंगसाठी दुसरी जागा बघता येईल,” शेखरभाऊ शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले. “पण सोळाच्या सोळा वाफे फेल गेले, हे मीटिंगच्या वहीत लिहू काय?”

“हाई काय शे?” हे काय, असं विचारणारा आवाज मागून आला.

सुवर्णासोबत मोतीरामअण्णा उभे होते. अण्णा फार चिडले किंवा फार खूश झाले की अहिराणीवर येत, आणि यातलं आता कोणतं, हे ज्ञानेशरावांना कळेना. अण्णांनी एक वाळका गेंद तोडून तळहातावर चोळला, फुंकर मारली. हातावर काळं कुळकुळीत बी उरलं.

“डेंगळे हायत हे. बियासाठी लावतात. कांदा पुरला की वर फूल येतं, फुलात बी भरतं, खालचा कांदा त्यातच जिरतो. पन असं टच्च बी मी लय सालात पाहिलं नाय. सोळा घरांनी मिळून केलं? पुढच्या साली याची रोपं करा, समदं मैदान कांद्यानं भरंल.”

“म्हणजे पीक निघालं?” शेखरभाऊंनी विचारलं.

“लय झ्याक निघालं.”

शेखरभाऊंनी तिथूनच फोन करून ट्रक रद्द केला. जमलेल्या कांद्यांची मग कढईभर भजी झाली. लताबाईंनी कांदे चिरले, विमलाबाईंनी तळले, नवसाबाईंनाही गेटवरून बोलावून घेतलं. पाच वाजता मीटिंग सुरू झाली ती भज्यांच्या ताटांवरच, आणि बाग कायमची मंजूर झाली. टाळ्या वाजल्या. ज्ञानेशरावांना नारळ मिळाला. आपण मुद्दाम डेंगळेच लावत होतो, असं त्यांना स्वतःलाही आता खरं वाटू लागलं होतं.

“अण्णा, तुमचं खरंच कौतुक,” शेखरभाऊ भाषणाच्या भरात म्हणाले. “मुलाची हुशारी सातवीतच ओळखून नाशिकला पाठवलंत.”

अण्णांनी तोंडातलं भजं सावकाश संपवलं.

“हुशारी? कांद्याची रोपं लावायला बसवला व्हता याला. दोन वाफे उलटे लावले, पात मातीत अन् मुळ्या वर. तवाच म्हनलं, याला नाशिकला धाडा, निदान वावर तरी वाचंल.”