हुमनाबादच्या पिवळ्या पडद्यावरील स्वारी

श्रीबसवेश्वर प्रसन्न. पुण्याहून हैदराबादेस जाणाऱ्या थोर रस्त्याचे कडेस मौजे हुमनाबाद, तेथे बसस्टँडासमोर फोटो स्टुडिओ, त्याचे खावंद राजमान्य राजेश्री महेशकुमार, फोटो काढण्यात निपुण, बढाई मारण्यात त्याहून निपुण, यांनी नव्या मॉनिटरावर मोहीम केली आणि बहुत नामुष्की सोसून फत्ते पावले, त्याची हकीकत पुढिलांस कळावी म्हणोन यथास्थित लिहिली असे. यात अधिक उणे दिसेल ते खावंदांच्याच तोंडचे, लिहिणाराकडे बोल नाही.

जुना मॉनिटर म्हातारपणी दृष्टी जाऊन निवर्तला, सबब कलबुर्गीहून नवा आणविला. तो मेजावर स्थानापन्न होताच खावंदांनी दरबारात हजर असलेल्या समस्तांस, म्हणजे मातोश्री चंद्रम्मा आणि पासपोर्ट फोटोस आलेली दोन गिऱ्हाइके यांस, खोक्यावरील मजकूर वाचोन जाहीर केले जे, या पडद्यास खालच्या पट्टीवर मधोमध स्वतःचा डोळा आहे, तो भोवतालचा उजेड पाहतो आणि त्याजप्रमाणे पडद्याचा रंग आपला आपण राखतो, माणसाने बोट लावावयाचे काम नाही. मातोश्रींनी हे कान देऊन ऐकिले. खावंद मात्र बोलोन झाल्यावर साफ विसरले, हा त्यांचा जुनाच रिवाज.

मग रिवाजाप्रमाणे पूजा जाहली, नारळ फुटला, आणि खावंदांनी यंत्र सुरू केले, तो पडदा पिवळा. कोरा कागद उघडावा तर कढी सांडल्यासारखा, नवरीचे मुख पाहावे तर कावीळ झाल्यासारखे. खावंदांनी मसलत केली जे, नवी चीज आहे, हिचा रंग असाच असेल, डोळ्यांस सवय होईल. ऐशा मसलतीने पूर्वीही त्यांचे पुष्कळ नुकसान जाहले होते.

तो त्याच सुमारास राजेश्वर गावाहून प्रभुलिंगप्पा आले. त्यांची मातोश्री लक्ष्मम्मा गेल्या साली निवर्तली, तिचे पुण्यस्मरण येत्या रविवारी, आणि तिने हयातीत स्वतःचा म्हणोन एकच फोटो काढू दिला, तोही याच स्टुडिओत, डाळिंबी इरकल नेसून. तो मोठा करून द्यावा ऐसी अर्जी. खावंदांनी होकार दिला, पडद्यावरील पिवळेपण हटविण्यास फोटोत निळ्याची कुमक मागविली, आणि पडद्यावर बाई सुंदर दिसताच छापोन काढिली. कागदावर लुगडे जांभळे जाहले आणि मुखावर निळी झाक आली. प्रभुलिंगप्पांनी फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, आणि मग ते हळूच बोलिले, "महेशण्णा, माजी अव्वा अशी न्हवती बगा. पर हे बगून बगून मला बी तिचा खरा रंग आठवंना झालाय."

गिऱ्हाईक भांडते तर चालले असते. माणसाच्या मनातली आई आपण पुसतो आहोत, हे खावंदांस सोसेना.

त्याउपरि युद्धास तोंड लागले. प्रथम केबलीवर हल्ला केला, जुनी उपटून नवी खोवली, उपयोग नाही. मग सेटिंगांच्या मुलखात शिरून रात्रीचा उबदार उजेड बंद पाडिला, रंगांचे आकडे वर नेले, खाली आणिले, मॉनिटर मूळपदावर नेला, तरी पिवळा तो पिवळाच. कलबुर्गीचे विक्रेते नागेश यांजकडे फोनावरून मदत मागितली, त्यांनी फर्माविले जे, बंद करून चालू करावा. मग खावंदांनी दुकानाची ट्यूबलाइट बदलिली, खिडकीचे पडदे बदलिले, आणि शेवटी दोष आपल्याच डोळ्यांत असेल म्हणोन नेत्रवैद्याकडे गेले. त्याने तपासोन निवाडा दिला जे, डोळे उत्तम आहेत, मोबाइल कमी पाहावा. नित्य दुकान बंद करिते समयी खावंद यंत्र विझवून मऊ फडक्याने पडदा वरून खालच्या पट्टीपर्यंत पुसीत, आणि सकाळी मातोश्रींची पूजा आटोपल्यावर पुन्हा लावीत, तो पुन्हा पिवळा.

तो मातोश्री भावाकडे बारशास मादन हिप्परग्यास गेल्या. दुसरे दिवशी खावंदांनी यंत्र लाविले आणि पडदा पांढराशुभ्र! खावंदांस वाटले, कालची कळ आज लागू पडली. मग नागेशास फोन करून आपला पराक्रम विस्ताराने ऐकविला, शेजारच्या टपरीवर सर्वांस चहा पाजिला, ऐशा विजयोत्सवात दोन प्रहर गेले, आणि लक्ष्मम्मांचा फोटो उघडावा तो वीज गेली, ती दिवसभर आली नाही. सायंकाळी मातोश्री परतल्या. सकाळी पडदा पिवळा.

तेव्हा खावंदांनी जे अनुमान केले ते लिहिताना लेखणी लाजते. त्यांनी ठरविले जे, पडदा मातोश्रींस भितो. परंतु पुण्यस्मरण परवावर आले होते, लाजण्यास सवड नव्हती. सबब शनिवारी त्यांनी पूजेच्या आधीच यंत्र लाविले आणि खुर्चीआड दबा धरून बसले. पडदा पांढरा होता. मातोश्री ताटली घेऊन आल्या, शटरास हळदीचे बोट लाविले, प्रिंटरास लाविले, कॅमेऱ्यास लाविले, आणि मग वाकून पडद्याखालच्या पट्टीवरील काचेच्या वाटोळ्या ठिपक्यास नेमके, प्रेमाने, भरघोस बोट लाविले. त्या डोळ्यास भोवतालचा उजेडच पिवळा दिसू लागला, आणि खावंदांच्या देखत पडदा हळूहळू पिवळा पडला.

"अव्वा, हे काय करायलीस?"

"तूच मनलास न्हवं, ह्याला डोळा हाय मनून? नव्या डोळ्याला कुनाची दिष्ट लागू न्हाई मनून लावायलेय. कामून वरडायलास?"

दुकानातील यच्चयावत यंत्रास हळद असते, ती खावंदांस जन्मापासून दिसत असल्याने दिसेनाशी जाहली होती. डोळ्याची द्वाही आपणच फिरविली, हेही आता आठवले, आणि त्यांनी स्वतःच्या कपाळास हात मारिला आणि मग खुर्चीआडच पोट धरून हसले.

मग ठिपका पुसला, निळ्याची कुमक माघारी धाडिली आणि फोटो पुन्हा छापिला. दोन प्रहरी प्रभुलिंगप्पा आले. डाळिंबी लुगडे पाहिले, गव्हाळ मुख पाहिले, आणि खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांस लावून इतकेच बोलिले, "व्हय. हीच." फोटो उराशी धरून ते राजेश्वराची बस गाठावयास निघाले, तेव्हा मातोश्रींसही भरून आले.

येणेप्रमाणे स्वारी समाप्त होऊन जय मातोश्रींचा आणि शिकस्त खावंदांची, हे उभयपक्षी मंजूर होऊन तह जाहला. मॉनिटरास हळद पाठीमागे लावावी, डोळ्यास लावू नये, हे कलम मातोश्रींनी कबूल केले, परंतु डोळ्याचे बोट वाया कसे घालवावे म्हणोन मोबदला मागितला. सबब हल्ली नित्य सकाळी पडदा पांढरा असतो आणि खावंदांचे कपाळ पिवळे, आणि गिऱ्हाइकांनी कारण विचारिल्यास खावंद आपली फजिती आपणच, पूर्वीच्याच बढाईने, अथपासून इतिपर्यंत सांगतात. तीच ऐकून येथे नमूद केली.