सुर्वे नाना बॅटरी निवडतात

बॅटरीतलं मला जेवढं कळतं तेवढं आख्ख्या अयोध्या नगरात कुणाला कळत नाही. टॉर्चमधे सेल उलटे घातले की टॉर्च लागत नाही, इथपर्यंत मला पक्कं ठाऊक आहे. पुढचं शेजारच्या सुर्वे नानांना विचारायचं.

नाना कारखान्यात टेस्टिंगला फोरमन होते आणि मी खलाशी. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. साहेब म्हणतील ते उचलायचं आणि म्हणतील तिथे ठेवायचं. चौथी नापास माणसाला याहून मोठी पोस्ट देणं सरकारच्याही जिवावर आलं असावं. पुढे बरखेड्याची कारखान्याची क्वार्टरं सोडून आम्ही दोघांनी इथे भिंतीला भिंत लावून घरं बांधली. नाना रिटायर झाले, पण टेस्टिंग काही रिटायर झालं नाही.

"टेस्ट झाल्याशिवाय पास नाही," हे त्यांचं वाक्य. जावई पहिल्यांदा राहायला येणार म्हणून नवा पलंग आणला, तर त्यावर दोन भरलेले गॅस सिलिंडर चार दिवस उभे. पाचव्या दिवशी पलंगाला 'पास'ची चिठ्ठी. जावयाने ती वाचली आणि बिचारा कूस बदलायलाही घाबरला. एकदा माझ्या बायकोने डबाभर चकल्या पाठवल्या. नाना म्हणाले, "गजानन, तीन नग काढ. एक वरचा, एक मधला, एक तळाचा." तळाची चकली मऊ निघाली. डबा परत आला नाही, पण शेरा आला.

अशा माणसाची एकच चैन. दर रविवारी सकाळी हथाईखेड्याच्या तलावावर मासे धरायला जायचं. सोबत युनूसभाई, त्याच टेस्टिंगमधले. छोटी लाकडी नाव, दोन वल्ही, एक याचं, एक त्याचं. तीस वर्षं दोघं असे गेले, आणि बोलणं फक्त गळाला काय लावायचं एवढंच.

मग युनूसभाईंना अर्धांगाचा झटका आला. बरे झाले, पण उजव्या हातात जोर राहिला नाही. तेव्हापासून रविवार आला की त्यांच्याकडे पाहुणे यायचे नाहीतर गुडघा दुखायचा. हाताचं नाव घेत नव्हते.

तीनेक महिन्यांनी नानांनी नावेच्या मागे लावायची विजेची छोटी मोटर मागवली. बॅटरीवर चालणारी, आवाज न करणारी. मला म्हणाले, "माझा खांदा गेला रे. वल्हं मारवत नाही. युनूसला सांगितलं, तू नुसता सोबतीला बस. एकदा येतो म्हणालाय."

"मग झालं की!"

"कसलं झालं? मोटर मधेच बंद पडली आणि त्याच्यावर वल्ह्याची वेळ आली, तर तो तलावाकडे परत फिरकणार नाही. बॅटरी चुकता कामा नये."

आता बॅटरी निवडणं सुरू झालं. नानांनी मंडीदीपपर्यंतची दुकानं पालथी घातली. प्रत्येक बॅटरीची जन्मतारीख विचारायचे. शेवटी दोन उरल्या. एक इन्व्हर्टरची, उंच, उचलताना आजी आठवेल अशी. दुसरी माझ्या मेहुण्याच्या ट्रकची, जुनी पण सुटसुटीत.

"ट्रकची बॅटरी एका झटक्याची," नाना म्हणाले. "इंजिन उठवलं की तिचं काम संपलं. आपल्याला तीन तास एका चालीने चालणारी पाहिजे."

पण नावेपर्यंत ती उचलून कोण नेणार होतं? मी. म्हणून मी ट्रकवालीची बाजू घेतली. म्हटलं, "नाना, न तपासता नापास? हा कुठला न्याय?"

हे त्यांना लागलं. व्हरांड्यात ट्रकवालीला चार हेडलाइटचे बल्ब जोडले, मीटर लावलं, माझ्या हातात कागद दिला. "दर पंधरा मिनिटांनी आकडा लिही. तीन तासांत बारा व्होल्टच्या खाली गेली की बाद. मी युनूसकडे जाऊन येतो, तो परत गुडघा काढतोय."

पहिले दोन आकडे मी इमानदारीत लिहिले. मग वारा फार छान सुटला.

जाग आली तेव्हा बल्ब तांबूस पडून मिचमिचत होते. मी काय केलं? शिफ्ट संपताना आमच्याकडे सगळे करायचे तेच. एका बैठकीत सगळे आकडे भरले. सारखे वाटू नयेत म्हणून मधे एक थोडा कमी लिहिला, वर चहाचा थेंब पाडला, बल्ब काढले आणि बॅटरी चार्जिंगला लावून दिली. नानांनी कागद दोनदा वाचला आणि पास केला.

रविवारी तिघं निघालो. मोटर गुपचूप चालली. युनूसभाई पुढे बसून पाण्यात बोटं बुडवत होते. "सुर्वे, ये तो मोटर नहीं, मख्खन है खाँ," म्हणाले. त्यांच्या तोंडी सगळेच 'खाँ'. नाना इतके खूश मी पेन्शनचा कागद हातात आला तेव्हाही पाहिले नव्हते.

पाऊण तासाने, बरोबर तलावाच्या मधोमध, मोटर थांबली.

युनूसभाईंचा उजवा हात सवयीने वल्ह्याकडे गेला. बोटं मिटेनात. दुसऱ्यांदा गेला. तेवढ्यात नाना उठले, दोन्ही वल्ही ओढून घेतली आणि असे हाणायला लागले की माझी टोपी मागे उडाली. पाच-सहा हात मारले असतील. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि वल्ही जागच्या जागी थांबली.

"सुर्वे," युनूसभाई म्हणाले, "कंधा कब ठीक हुआ?"

"आत्ताच."

"टूटा कब था?"

नाना पाण्याकडे बघत राहिले. मानेपर्यंत लाल झाले होते. म्हणाले, "अकेले जमता नहीं, यार. मच्छी भी नहीं लगती."

युनूसभाई सरकत सरकत नानांच्या शेजारी येऊन बसले आणि एक वल्हं डाव्या हातात घेतलं. नाव एक हात पुढे, दोन हात वाकडी, अशी निघाली. नानांनी आपला जोर कमी केला, तशी जराशी सरळ झाली.

माझ्याने राहवेना. मी सगळं ओकलो. वारा, झोप, आकडे, चहाचा थेंबसुद्धा. म्हटलं, "नाना, चूक माझी आहे. द्या ते वल्हं, मी मारतो."

नानांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"तू त्या बॅटरीशेजारीच बस, गजानन. बाद माल एका जागी असलेला बरा."