हात न लावायची रक्कम

ताईच्या मागच्या खोलीत राहायला जायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. कायमचं परदेशात जायचं, हे त्यातून आपोआप झालं.

ही गेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, दर रविवारी यायची आणि माझं वजन नजरेने मोजून जायची. त्या रविवारी ती म्हणाली, "मागची खोली रिकामी केलीय. पडदेही लावलेत. तुझ्या भावोजींनी कपाटाला नवी कडी बसवली."

"मी इथे मजेत आहे," मी म्हणालो.

"मजेतला माणूस उभ्याने जेवत नाही."

(मी ओट्यापाशी उभा राहून जेवतो. टेबलाला खुर्च्या दोन आहेत. एकीवर बसलं की समोर दुसरी दिसते. पण हे ताईला सांगायचं काही कारण नव्हतं.)

दुसऱ्याच दिवशी मी एका व्हिसा एजंटचा जिना चढलो. निवृत्त माणसांना राहू देणाऱ्या देशांचे फोटो त्याच्या भिंतीवर होते. मी समुद्राकाठचा एक निवडला. हिला समुद्र मुळीच आवडत नसे. वाळू घरभर होते म्हणायची. तेव्हा तिथे तिची आठवण यायचा प्रश्न नाही, असा माझा हिशोब. (माझी सगळी नोकरी हिशोब खात्यात झाली. तिथेही माझी बेरीज दुसरं कोणीतरी तपासायचं.)

"वय बसतंय," एजंट म्हणाला. "पेन्शन मात्र फार कमी आहे."

"मी सगळ्यांना कधीपासून हेच सांगतोय."

"मग दुसरा रस्ता. बँकेत ठरलेली रक्कम दाखवायची. स्वतःची हवी, आणि तीन महिने तशीच हवी. एक दिवस जरी आकडा खाली आला, की पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे हात लावायचा नाही?"

"नुसतं बघायचं."

निवृत्तीचे सगळे पैसे एकत्र केले तेव्हा ती रक्कम भरली आणि वर दोन शर्ट येतील एवढे उरले. ते एजंटच्या फीत गेले. ताईला यातलं काही सांगितलं नाही. एकदम विमानतळावरून फोन करायचा आणि म्हणायचं, "ताई, मी चाललो!" हे वाक्य मी आरशासमोर बसवूनही ठेवलं होतं.

पहिल्याच आठवड्यात गीझर बिघडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे भरपूर पैसे होते. फक्त खर्च करायला बंदी होती. पेन्शनमध्ये जेवण आणि वीजबिल भागत होतं, गीझर नाही. मी थंड पाण्याने आंघोळ सुरू केली. मग चष्म्याची काडी तुटली, तिला दोरा गुंडाळला. बुटाचा तळ उघडला, आत पुठ्ठा सरकवला.

"कुडकुडतोयस का रे?" ताईने विचारलं.

"थंड पाणी तब्येतीला चांगलं असतं." (हे एक वाक्य तीन शिंकांमध्ये पूर्ण झालं.)

"आणि चष्म्याला दोरा?"

"फॅशन आहे हल्ली."

"कुणाची?"

मग इरेला पेटून मी गीझर स्वतःच दुरुस्त करायला घेतला. एक नट फिरवला. तो फिरवायचा नव्हता. पाणी आधी बाथरूममध्ये, मग हॉलमध्ये आणि तिथून छतातून थेट खालच्या मजल्यावरच्या वकिलांच्या सोफ्यावर गेलं. वकील ओल्या सदऱ्यानेच वर आले.

"नुकसानभरपाई देताय की केस करू?"

"तीन महिने थांबता का?" मी काकुळतीने म्हणालो. "तोपर्यंत मी देश सोडून जातोय."

"माझे बरेचसे अशील हेच म्हणतात," ते म्हणाले.

शेवटी त्यांचं छत मी स्वतः रंगवून द्यावं असं ठरलं. शिडीवर उभा राहून मी पहिला हात मारत होतो, तेवढ्यात खालून ओळखीचा आवाज आला. वकिलीणबाईंनी ताईला फोन केला होता.

"धाकट्या, खाली उतर."

"नाही उतरणार. माझं घर, माझं पाणी, माझं छत!"

"छत त्यांचं आहे," ताई म्हणाली, आणि एवढंच बोलून निघून गेली. मला वाटलं, जिंकलो.

तीन महिने भरले. बँकेतून उतारा घेऊन मी छाती काढून एजंटकडे गेलो. तो वाचता वाचता मध्येच थांबला.

"इथे रक्कम वाढलीय."

"कमी तर नाही ना झाली?"

"अहो, मध्येच कोणी पैसे टाकले की व्हिसा देणाऱ्यांना वाटतं, उसने आणून दाखवलेत. कोणी टाकले?"

"ताईने," मी म्हणालो. मला पाहावंच लागलं नाही. हिच्या आजारपणात ताई पैसे पाठवायची. तेव्हापासून माझा खाते क्रमांक तिला पाठ आहे.

"त्यांचं पत्र आणा," एजंट म्हणाला. "पैसे का दिले ते स्पष्ट लिहायचं. शिवाय त्यांच्याकडे एवढे पैसे आहेत याचा पुरावा, म्हणजे त्यांच्या बँकेचे कागद."

आता ताईच्या घरी जाऊन सगळं सांगणं भाग होतं. ताईने शांतपणे ऐकलं.

"एवढ्या लांब का जायचंय?"

"तिथे हिने कधी पाऊल ठेवलेलं नाही म्हणून."

ताईने उठून मागच्या खोलीचे पडदे सारखे केले. मग म्हणाली, "पत्र लिहिते. पण मला खोटं लिहिता येत नाही."

तिने पाकीट चिकटवूनच दिलं. महिन्याभराने एजंटने मला ताई-भावोजींसकट बोलावलं. अर्ज नामंजूर झाला होता. पत्राची प्रत त्याने माझ्यापुढे सरकवली. ताईने लिहिलं होतं: 'माझ्या धाकट्या भावाकडे गीझर दुरुस्त करायलाही पैसे नाहीत. चष्म्याला दोरा बांधतो, बुटात पुठ्ठा घालतो, लोकांची छतं रंगवतो. त्याचं सगळं मी आनंदाने करीन.'

"ताई!"

"यात खोटं काय आहे ते दाखव."

"पण एक गंमत झालीय," एजंट म्हणाला. "तुमच्या ताईंचे कागद त्यांना फार आवडले. या दोघांनी अर्ज केला तर लगेच मंजूर होईल. आणि पत्रामुळे तुम्हालाही सोबत नेता येईल. डिपेंडंट म्हणून."

"म्हणजे?"

"आश्रित."

"समुद्र आहे ना तिथे?" ताईने विचारलं.

"खुर्च्या मिळतात का?" हा भावोजींचा प्रश्न. (त्यांचे गुडघे दुखतात.)

एजंटने आश्रिताचा फॉर्म काढला. पहिलाच रकाना: 'शाळा आणि इयत्ता'. त्याखाली: 'लसी वेळेवर दिल्या आहेत का?' ताई "हो" म्हणाली.

माझा संयम संपला. मी ताडकन उभा राहिलो. "मी कुणाचा आश्रित म्हणून कुठेही जाणार नाही! एकटा राहीन, उभ्याने जेवीन, गार पाण्याने आंघोळ करीन. या कागदावर मी सही करणार नाही, म्हणजे नाही! बघतो कोण काय करतं ते!"

भावोजीसुद्धा माझ्याकडे आदराने बघत आहेत असं मला वाटलं.

एजंटने फॉर्म उलटून मागची बाजू नीट पाहिली आणि पेन ताईच्या हातात दिलं.

"बसा," तो मला म्हणाला. "तुमची सही लागत नाही."