सुकरीआजीचे पाहुणे

मोरीत तांब्या पडला. टण्ण. दुपारच्या जेवणानंतर घरात जी काही शांतता मोठ्या मुश्किलीनं जमली होती, ती त्या एका आवाजानं विस्कटली.

मधल्या खोलीत, पडवीत, धानाच्या ढोलीआड, जिथं म्हणून पाठ टेकता येईल तिथं पाहुणे आडवे झाले होते. सगळ्यांनी एकदम कूस बदलली. गिरजाबाईंनी डोळे न उघडताच सुनेला विचारलं, "आता अजून कोन येऊन राह्यलं वं?"

भांडं पडलं की पाहुणा येतो, अशी गिरजाबाईंची श्रद्धा. पुनमचं म्हणणं असं, की मंडईच्या दिवशी टेंभुर्डोहात भांडं पडलं काय आणि नाही काय, पाहुणा यायचाच. धान निघालं की या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, संध्याकाळी जिलेबीची दुकानं, रात्रभर नाटक. आणि त्या दिवशी ज्याच्या दारात परक्या चपलांचा ढीग नाही, त्याची गावात काही किंमत राहत नाही. पुनमच्या दारातला ढीग ओलांडायला तिच्या पाच वर्षांच्या दामिनीला उडी मारावी लागत होती. तांब्या पाडला होता तोही दामिनीनंच, आणि आता ती मोरीच्या दारात उभी राहून आईचा चेहरा वाचत होती. रागवायला लागणारी ताकद पुनमपाशी शिल्लक नव्हती. नवरा राजदीप एसटीत कंडक्टर, मंडईमुळे त्याला जादा गाडीची ड्युटी लागलेली. घरातली मंडई पुनमच्या एकटीच्या डोक्यावर होती. चुलीशेजारच्या भिंतीला टेकून तिनं नुकते कुठं डोळे मिटले होते.

तेवढ्यात फोन वाजला. निवाऱ्यावरचा काळजीवाहू हेमराज होता.

"ताई, उभ्या हा का बसल्या?"

"काऊन?"

"उभ्या असान तं बसून घ्या पहिले."

निवारा म्हणजे बसस्टँडमागची बंद पडलेली शाळा. गेल्या हिवाळ्यात सुकरीआजी नावाची म्हातारी बसस्टँडच्या बाकाखाली युरियाचं पोतं पांघरून झोपायची. पहाटेच्या बसला निघालेल्या पुनमनं तिचा खोकला ऐकला, आणि तो काही केल्या तिच्या कानातून गेला नाही. या वर्षी बचत गटाच्या बायांना घेऊन ती नगरपंचायतीत इतक्या वेळा गेली, की तिथला शिपाई तिला न विचारता पाणी आणून द्यायला लागला. शेवटी शाळा मिळाली. वीज आणि हेमराजचा पगार नगरपंचायतीचा. तांदूळ, डाळ आणि ब्लँकेटं गावाची. ती मागायला पुनम दामिनीला कडेवर घेऊन दारोदार फिरली. अट एकच होती: पाहणीच्या दिवशी पलंग रिकामे दिसले, तर शाळा धानाची पोती ठेवायला द्यायची. पोतीवाले तयारच होते. पोती खोकत नाहीत, जेवायला मागत नाहीत, आणि भाडं देतात.

"गडचिरोलीहून साहेब येऊन राह्यले," हेमराज म्हणाला, "आजच. सांजेच्या गाडीनं."

पुनमचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना, ती म्हणाली. सुकरीआजी आहे, लच्छूभाऊ आहे, बाबुलाल आहे, पाहू दे साहेबाला पोटभर.

"तेच तं नाई ना, ताई. पलंगच पलंग हायेत. मानूस एक नाई."

आणि हे सगळं पुनमच्याच करणीचं फळ होतं. तांदूळ मागायला गेली तेव्हा प्रत्येक दारात तिनं सांगितलं होतं, की मंडईला निवाऱ्यातलं एक तरी माणूस घरी जेवायला बोलवा. गावानं तांदूळ हात आखडून दिला, पण हे बोलणं मात्र मनावर घेतलं. सकाळपासून निवाऱ्यापुढं गाड्या थांबत होत्या. सुकरीआजीला हेडमास्तरांच्या घरच्यांनी मोटारसायकलवर बसवून नेलं. लच्छूभाऊंवरून दोन घरांत भांडण लागलं. त्यांनी एका घरी मटण आणि दुसऱ्या घरी गोड कबूल करून ते मिटवलं. बाबुलाल कोणाकडं गेला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तेल लावून भांग पाडून गेला होता. हे सगळे जेवून परस्पर नाटकाला बसणार होते. स्वयंपाकाची स्वाती तर कालच माहेरच्या मंडईला गेलेली.

"बोलावून आन ना त्याइले," पुनम म्हणाली.

"आजच्या दिवशी पाहुन्याले ताटावरून उठवू?" हेमराजचा आवाज खाली आला. "ताई, तुमी सांगसान तं विहिरीत उतरतो. पन हे नाई होत माह्याच्यानं."

होण्यासारखं नव्हतंच. ते पुनमलाही कळत होतं.

मग हेमराजनं उगाच विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या घरी पाहुने किती हायेत म्हनता?"

पुनमनं त्याला खरपूस झापलं आणि फोन ठेवला. मग सहज पडवीकडं नजर टाकली. गिरजाबाईंचे थोरले भाऊ वारलूमामा भिंत आणि शिलाई मशीन यांच्यामधल्या फटीत एका कुशीवर अडकले होते. त्यांना वळायचं झालं तर आधी त्यांच्या मेहुण्याला उठावं लागत होतं. रात्री यांना कुठं झोपवायचं हा घोर तर तिला सकाळपासून होताच. तिला वाटलं, खोटं कुठं बोलायचं आहे? ही माणसं आहेत, यांना आज रात्री जागा नाही, तिथं पलंग आहेत. यात एक शब्द तरी खोटा आहे का? तिनं स्वतःशी बराच वाद घातला आणि शेवटी तो जिंकला.

वारलूमामा मानपानाला पक्के. लग्नात टोपी लहान आली म्हणून वरातीतून घरी परतलेला माणूस. त्यांना निवारा हा शब्द ऐकवण्याची सोय नव्हती. तुमची सोय शाळेत वेगळी केली आहे, असं पुनमनं सांगितलं. लोखंडी पलंग आहेत, ब्लँकेटं कोरी आहेत. पलंग म्हटल्यावर सगळी पडवी उठून बसली.

"माह्या भावाले बेघराईत नेऊन टाकतं काय वं?" गिरजाबाईंनी तिला चुलीपाशी गाठलं. निवाऱ्याचं हे खूळ त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हतं. घरचं सोडून लोकाच्या दारोदारी फिरते, हे वाक्य त्या हिवाळाभर वरणाला फोडणी दिल्यासारखं रोज एकदा घालत.

"पलंगावर झोपतीन, आई," पुनम म्हणाली. "इथी तं ते मशीनखाली हायेत."

दिवेलागणीला पुनम सगळ्या पाहुण्यांना घेऊन निवाऱ्यात आली आणि ते पलंगांवर पसरले. हेमराजनं पाहून घेतलं आणि समाधानानं सांगितलं, की खरे लोक असते तरी इतके बरोबर दिसले नसते. तेवढ्यात दारात साहेब उभे राहिले. डोक्याला मफलर, अंगावर एसटीची धूळ. निकुरे असं नाव त्यांनी हेमराजला सांगितलं, पण ते आत पोचायच्या आधीच वारलूमामांनी ब्लँकेटातून हात काढला.

"या, या. चपला तिथीच काढा. तुमी कोनाकडचे?"

"मी गडचिरोलीहून आलो," साहेब म्हणाले.

"बसा मंग. लई दुरून आले. पुनम, पाहुन्याले पानी दे वं."

साहेब स्टुलावर बसले. मऊ आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं त्यांनी विचारलं, की बाबा, इथं किती दिवस राहणार? मामा म्हणाले, आग्रह झाला तर दोन दिवस, नाही तर उद्या निघू. साहेबांनी आणखी मऊ आवाजात विचारलं, की तुम्हाला घर नाही का?

मामा ताडकन उठून बसले. "घर? सिंदेवाहीकडं या कधी. चार बैलजोड्या बांधल्या तरी आंगन उरते माह्यावालं."

"मग इथं कसे?"

"जागा नाई म्हने. देलं इथी पाठवून."

"कोणी?"

"भाचसुनेनं. थे काय, पान्याचा तांब्या घेऊन उभी हाये ना, थेच."

साहेबांनी वळून पाहिलं. पुनमला वाटलं, हा तांब्याही आता हातातून पडेल तर बरं, निदान सगळे तिकडं बघतील. तो पडला नाही.

"तुम्हीच व्यवस्थापक ना?"

"हो."

"आणि हे तुमचे मामेसासरे?"

"हो."

साहेब पाणी प्यायले. नोकरीत त्यांनी बरेच निवारे पाहिले होते. रिकामे पाहिले होते, शेळ्या बांधलेले पाहिले होते. पण पलंग भरायला घरच्याच माणसांना बेघर करणारी बाई ते पहिल्यांदा पाहत होते.

एवढ्यात गिरजाबाई आल्या. डोक्यावर रश्श्यानं भरलेला गंज, मागून दामिनी वड्यांची टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मंडईच्या दिवशी माझा भाऊ उपाशी झोपेल काय, असं दारातूनच बोलत त्यांनी गंज खाली ठेवला. साहेबांनी विचारलं, की इथला स्वयंपाक तुम्ही करता का?

गिरजाबाईंनी साहेबांकडं पाहिलं. मग सुनेकडं पाहिलं. पुनमच्या तोंडाचा रंग पाहून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

"मंग कोन करन?" त्या म्हणाल्या. "हे पोरगी तं घरचं सोडून लोकाच्या दारोदारी फिरते."

तेच वाक्य. पण साहेबांनी मान डोलावली, तेव्हा ते पहिल्यांदाच कौतुकासारखं ऐकू आलं. गिरजाबाईंनाही ते नवीनच वाटलं असावं. त्या पदर सावरून जरा ताठ बसल्या.

आता निभेल असं वाटू लागलं, तोच बाहेर गलका झाला आणि सुकरीआजी आत शिरली. अंगावर हेडमास्तरीणबाईंचं जुनं स्वेटर, गालात पान, आणि मागं डोक्यावर बोचकी घेतलेल्या दोन बाया आणि एक काठीवाला म्हातारा. ती सरळ खिडकीजवळच्या पलंगापाशी गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माह्या पलंगावर कोन होय हा?"

"आमाले देला हाये हा," वारलूमामा म्हणाले.

"कोनं देला? अन् तू कोनाकडचा?"

हेमराज मध्ये पडला. त्यानं आजीला विचारलं, की तू तर नाटकाला जाणार होतीस, अशी परत कशी आलीस?

"पाहुने आले ना माह्याकडं," सुकरीआजी म्हणाली. हे सांगताना ती हेमराजकडं नाही, सगळ्या खोलीकडं बघत होती. "हे माही लहान बहीन. एटापल्लीकडून आली. राजदीपच्या हाती निरोप धाडला होता, का मंडईले ये, माह्याकडं जागा हाये म्हना. लई सालं झाले, बोलावलंच नाई तिले. बोलवाव तं बसवाव कुठी?"

कंडक्टर नवऱ्यानं निरोप पोचवला होता. बायकोला सांगायचा मात्र राहिला होता. पुनम काही बोलणार, तोच लच्छूभाऊ भाच्याचं सगळं कुटुंब घेऊन दारात आले, आणि त्यांच्या खांद्यावरून भांग पाडलेला बाबुलाल डोकावला. तोही एकटा नव्हता. दारातल्या चपलांचा ढीग उंबऱ्यावर चढला.

वारलूमामांनी सुकरीआजीच्या पाहुण्यांकडं पाहिलं, बोचक्यांकडं पाहिलं, आणि पलंगावरून खाली उतरले. लहान टोपीवरून वरात सोडणारा माणूस, पण रीत म्हटली की रीत.

"बाई, घर तुमचं होय हे मले मालूम नव्हतं," ते म्हणाले. "आमी खाली झोपतो."

सुकरीआजीनं त्यांना हातानं परत बसवलं. "पाहुना होय ना तू? मंग झोप वर. मी झोपतो खाली. घरचं मानूस खालीच झोपते मंडईले."

एवढं बोलून तिनं आपलं ब्लँकेट त्यांच्या पायावर टाकलं, गिरजाबाईंच्या हातातला डाव घेतला, आणि सगळ्यांना ओळीनं बसायला सांगितलं. साहेब स्टुलावरून उठून कुठं सरकावं ते बघत होते. दोन्ही बाजूंनी बोचकी होती.

"तू कोनाकडचा बाबू?" आजीनं त्यांना विचारलं.

गावातला एकमेव लॉज नाटक कंपनीनं भरला होता आणि परतीची गाडी केव्हाच गेली होती.

"तुमच्याकडचाच समजा, आजी," साहेब म्हणाले आणि पंगतीत बसले.

वाढताना पुनमनं त्यांच्याजवळ वाकून खरं काय ते सांगून टाकलं: पाहुणे घरचे आहेत, मीच आणून झोपवले. साहेबांनी वडा मोडला. "ते मामांनी आल्या आल्याच सांगितलं," ते म्हणाले. "मला रिकामी जागा आहे का ते बघायला पाठवलंय. इथं मांडी घालायला मिळाली तीही आजीच्या कृपेनं. पोतीवाल्यांना दुसरीकडं बघायला सांगतो. थंडी सरेपर्यंत, होळीपर्यंत निवारा चालू राहू द्या."

पुनमनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ती भिंतीशी बसली. हेमराज, नाटकाचा पहिला अंक निघून जाईल म्हणून, विचारून न विचारल्यासारखं करून पळाला. गिरजाबाई भाताकडं बघत कोणाला तरी सांगत होत्या, की स्वाती येईपर्यंत इथलं मीच पाहीन. सुनेच्या हातचा भात मोकळा होत नाही. लांबून लाऊडस्पीकरवर पेटी सुरू झाली होती. सुकरीआजी बहिणीच्या ताटात नको नको म्हणताना रस्सा ओतत होती, आणि खोकत नव्हती.

दामिनी येऊन आईच्या मांडीत शिरली. तिच्या हाताला वड्यांचा वास येत होता. पुनमनं तिच्या केसांवर हनुवटी टेकली.

"आई, हे सुकरीआजीचं घर होय?"

"हो."

"होळीपर्यंत?"

"हो. साहेब म्हनले ना."

दामिनीनं जरा विचार केला. आजीकडं बघितलं, ओळीनं मांडलेल्या पलंगांकडं बघितलं.

"मंग होळी झाली का आजीचं घर कुठी जाते?"