तीन खुणांचे घाणेकर

घाणेकरांना दारात उभ्या असलेल्या माणसाचंही नाव चटकन घेववत नसे. "बहुतेक पोस्टमन. टोपी पटते, चाल पटत नाही," असं ते खिडकीतून सांगत आणि पोस्टमन बिचारा कडी वाजवत राही.

ते तलासरीच्या कचेरीत कारकून, मी शाळेत मास्तर. शेजारीशेजारी खोल्या. बायको माहेरी असते, एवढंच त्यांनी सांगितलेलं. नाद पक्ष्यांचा. तीन खुणा पटल्याशिवाय पक्ष्याला नाव द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. रविवारी मलाही नेत. मी तोंड उघडलं की म्हणत, "घाई नको, मास्तर. चोच बघू."

एकदा सायवनला सागाच्या फांदीवर एक करडा पक्षी दिसला. शिक्रा की पावशा? दिसायला सख्खे भाऊ. पण एक शिकारी, दुसरा कोकिळेच्या कुळातला. घाणेकर पाऊण तास दुर्बीण लावून बसले.

"शेपटी पटते, छाती पटते, बसणंही पटतं. शिक्रा धरायला हरकत नाही."

झोपडीपुढे भात पाखडणारी म्हातारी सूप न थांबवता म्हणाली, "पावशा हाय तो. शिक्रा असता तर माझी कोंबडी पिलं घेऊन अशी चरली असती का?"

तेवढ्यात पक्ष्याने सरळ चोचीत एक सुरवंट उचलला. घाणेकरांनी म्हातारीला वाकून नमस्कार केला आणि वहीत लिहिलं, 'चौथी खूण : कोंबडी.'

दर शनिवारी संध्याकाळी ते हायवेवर जात. पक्षीच बघत असतील, म्हणून एकदा मीही गेलो. गुजरातकडून आलेली बस थांब्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. तीन बायका उतरल्या. तिघींच्या डोक्यावर पदर, तिघींची आमच्याकडे पाठ.

"कुसुम आली," म्हणत घाणेकर चक्क धावत सुटले.

मी पोचलो तेव्हा तिचा भाऊ सामान उतरवत होता. हलक्या आवाजात म्हणाला, "दोन वर्षं क्षयाच्या इस्पितळात होती. सोडतात ते शनिवारी, एवढंच भाऊजींना ठाऊक. निम्मी झालीय हो. मी आणायला गेलो, तर शेजारच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिलो."

कुसुमताई दम घेत विचारत होत्या, "एवढ्या लांबून कशी ओळखलीत?"

घाणेकरांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "त्यात बघायचं काय होतं," ते म्हणाले, आणि त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत सावकाश चालू लागले.